जुन्या गाडीतला मूळ रेडिओ आणि स्पीकर: वायरिंग कसं करावं

कारखान्यातून गाडीसोबत आलेला रेडिओ डॅशबोर्डात वर्षानुवर्षं बंद पडून राहिला तरी टिकतो, आणि चुकीची वायर जोडली की पहिल्या दहा मिनिटांत जळतो. त्यामुळे पक्कड हातात घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: गाडीचं व्होल्टेज किती, बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय (यालाच अर्थ म्हणतात) आणि रेडिओला किती ओहमचा स्पीकर लागतो. हे तिन्ही जुळल्याशिवाय रेडिओला सप्लाय द्यायचाच नाही.

व्होल्टेज आणि अर्थ

मॉडेलच्या सालावरून अंदाज येतो, पण त्यावर विसंबू नये. फोर्डच्या अमेरिकन गाड्या १९५५ पर्यंत ६ व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, १९५६ पासून त्या १२ व्होल्ट निगेटिव्ह अर्थवर आल्या. शेव्हरोलेने १९५५ मध्ये १२ व्होल्ट घेतलं. अमेरिकेत विकलेली फोक्सवॅगन बीटल १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टवर होती. बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत १२ व्होल्ट असूनही त्याच दशकाच्या उत्तरार्धापर्यंत पॉझिटिव्ह अर्थच होता. शिवाय इतक्या वर्षांत कुणीतरी डायनॅमो काढून ऑल्टरनेटर बसवलेला असतो आणि त्या ओघात अर्थही उलटवलेला असतो. म्हणून मल्टिमीटर लावूनच बघावं. काळी पिन बॉडीच्या उघड्या धातूवर आणि लाल पिन बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकावर ठेवा. आकडा अधिक आला तर निगेटिव्ह अर्थ, उणे आला तर पॉझिटिव्ह.

आता रेडिओकडे वळू. डब्यावरच्या पट्टीवर किंवा शिक्क्यात व्होल्टेज आणि बहुधा पोलॅरिटीही लिहिलेली असते. काही युरोपीय रेडिओंत पोलॅरिटी बदलण्यासाठी मागच्या बाजूला उलटवता येणारा प्लग किंवा पट्टी असते. तो प्लग कोणत्या बाजूला लावलाय ते डोळ्यांनी पाहा, आधीच्या मालकाच्या सांगण्यावर जाऊ नका.

ट्रान्झिस्टर रेडिओला उलटी पोलॅरिटी लागली तर ट्रान्झिस्टर आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर क्षणात जातात, फ्यूज त्यांना वाचवेलच असं नाही. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत निगेटिव्ह अर्थचा रेडिओ बसवताना डब्याभोवती रबर लावून तो बॉडीपासून वेगळा करायचा, असा एक उपाय सुचवला जातो. तो टाळावा. एरियलच्या वायरची जाळी एका टोकाला बॉडीला आणि दुसऱ्या टोकाला रेडिओच्या डब्याला जोडलेली असते, त्यामुळे एरियल खोचताच थेट शॉर्ट होतो. इथे इनपुट आणि आउटपुट एकमेकांपासून पूर्ण वेगळे असलेला कन्व्हर्टरच लागतो.

६ व्होल्टची गाडी नंतर १२ व्होल्टवर नेली असेल, तर मूळ रेडिओसाठी सीरिजमध्ये जाड रेझिस्टर टाकण्याचा मोह होतो. हिशोब करून पाहा: चार्जिंग चालू असताना १४ व्होल्टमधून ६ अँपिअर घेणाऱ्या रेडिओसाठी ७ व्होल्ट पाडायचे म्हणजे डॅशबोर्डाच्या मागे ४२ वॅटची उष्णता झाली. त्यातही रेडिओचा करंट कमीजास्त झाला की व्होल्टेजही हलतं. त्यापेक्षा १० अँपिअर क्षमतेचा, धातूच्या डब्यातला स्टेप-डाउन कन्व्हर्टर बरा. तो एरियलच्या वायरपासून लांब ठेवा, कारण त्याची स्वतःची खरखर मीडियम वेव्हवर ऐकू येते.

रेडिओ कोणत्या पिढीचा आहे

गाडीतले जुने रेडिओ ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) आणि व्हायब्रेटरचा. व्हॉल्व्हला दोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागतो. व्हायब्रेटर बॅटरीचा डीसी सेकंदाला शंभरएक वेळा तोडतो-जोडतो, आणि ट्रान्सफॉर्मर त्यातून तो दाब तयार करतो. असा रेडिओ १२ व्होल्टवर साधारण ३ ते ४ आणि ६ व्होल्टवर ६ ते ८ अँपिअर खातो. साध्या व्हायब्रेटरला पोलॅरिटीचा फरक पडत नाही, कारण डीसी करण्याचं काम वेगळा रेक्टिफायर करतो. सिंक्रोनस व्हायब्रेटर मात्र ते काम स्वतःच करतो. त्याची पोलॅरिटी उलटली की वरचा सगळा दाब उलटा होतो आणि फिल्टर कपॅसिटर फुटतात. जुन्या व्हायब्रेटरच्या जागी बसणारे इलेक्ट्रॉनिक व्हायब्रेटरही बहुतेक एकाच पोलॅरिटीचे असतात. मागवताना अर्थ कोणता ते सांगून मागवा.

दुसरा प्रकार १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेला मिश्र रेडिओ. यात १२ व्होल्टवरच चालणारे व्हॉल्व्ह आणि शेवटी एक मोठा जर्मेनियम पॉवर ट्रान्झिस्टर असतो. व्हायब्रेटर नसतो, त्यामुळे गुणगुणही नसते. या ट्रान्झिस्टरमधून आवाज शून्यावर असतानाही भरपूर करंट वाहतो, म्हणून त्याचा हीट सिंक चांगलाच तापतो. तो बिघाड नव्हे. त्याच्यावर हीटरची गरम हवा थेट येणार नाही एवढं पाहा.

तिसरा प्रकार पूर्ण ट्रान्झिस्टरचा. फिल्कोने बनवलेला असा पहिला रेडिओ क्रायस्लरने १९५५ मध्ये जाहीर केला आणि १९६० च्या दशकात हा प्रकार सगळीकडे पसरला. हे रेडिओ करंट कमी घेतात, पण पोलॅरिटी आणि स्पीकरच्या बाबतीत सर्वांत नाजूक हेच.

गाडीत बसवण्याआधी टेबलावर

व्हॉल्व्हच्या रेडिओला जुन्या कपॅसिटरसकट सप्लाय देऊ नये. तीन जागचे कपॅसिटर आधी बदलावे लागतात. पहिला बफर कपॅसिटर, जो ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या दाबाच्या वाइंडिंगवर असतो. तो लीक झाला की ट्रान्सफॉर्मर तापतो आणि व्हायब्रेटरचे पॉइंट (आतले संपर्क) जळतात. नवा घालताना मायक्रोफॅरडचं मूल्य मूळचंच ठेवा, कारण ते ट्रान्सफॉर्मरशी जुळवलेलं असतं. व्होल्टेजची क्षमता १६०० किंवा त्याहून जास्त घ्या. दुसरे फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक, जे पडून पडून सुकलेले असतात. तिसरा आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा कागदी कपॅसिटर. तो लीक असेल तर व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत तापतो. रेडिओ बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका चार्ज उरतो. १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या पकडीने लावून तो उतरवा, मगच आत हात घाला.

पहिला सप्लाय बॅटरीवरून द्या. साध्या बॅटरी चार्जरचा सप्लाय लहरी असतो, त्याने रेडिओ भुणभुणतो आणि बिघाड नसतानाही बिघाड वाटतो. सीरिजमध्ये एक बल्ब टाकला की शॉर्ट असला तरी नुकसान होत नाही. १२ व्होल्टच्या ट्रान्झिस्टर रेडिओसाठी ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब चालतो, व्हॉल्व्हसाठी हेडलाइटचा ५५ वॅटचा लागतो. ६ व्होल्टच्या रेडिओला ६ व्होल्टचाच हेडलाइट बल्ब घ्या. क्रम असा:

१. स्पीकर जोडा. स्पीकरशिवाय कोणताही रेडिओ चालू करू नका.
२. व्हायब्रेटर असेल तर तो उपसून बाजूला ठेवा, कारण कमी व्होल्टेजवर त्याचे पॉइंट चिकटू शकतात.
३. बल्बमधून सप्लाय देऊन स्विच चालू करा. बल्ब मंद पेटला आणि डायल लॅम्प लागला तर ठीक. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर आत शॉर्ट आहे, तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.
४. बल्ब काढून त्याच्या जागी फ्यूज आणि ॲमीटर लावा, व्हायब्रेटर परत बसवा. त्याची बारीक गुणगुण लगेच यायला हवी, आवाज मात्र व्हॉल्व्ह तापल्यावर २०-३० सेकंदांनी येतो.

गुणगुण आली नाही आणि फ्यूज उडाला तर बहुधा व्हायब्रेटरचे पॉइंट चिकटलेले असतात. अशा वेळी मोठा फ्यूज टाकणं म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळणं. तो ट्रान्सफॉर्मर सहजी परत मिळत नाही. अर्धा तास रेडिओ चालू ठेवून ॲमीटरचा आकडा लिहून ठेवा, पुढे फ्यूज ठरवताना तोच लागतो.

स्पीकर

इथे सगळ्यात जास्त रेडिओ बळी पडतात, म्हणून इथे घाई नको.

व्हॉल्व्हच्या काळातले स्पीकर सहसा ३.२ ते ४ ओहमचे. जनरल मोटर्सच्या डेल्को ट्रान्झिस्टर रेडिओंना १० ओहमचे स्पीकर असायचे. आज बाजारात मिळणारा गाडीचा स्पीकर बहुतेक ४ ओहमचा असतो. तो १० ओहमच्या रेडिओला लावला की आउटपुट ट्रान्झिस्टरवर ताण येतो, आवाज फाटतो आणि काही रेडिओंत ट्रान्झिस्टर तापून जातो. ४ ओहमचे दोन स्पीकर सीरिजमध्ये जोडले तर ८ ओहम होतात आणि ते अशा रेडिओला चालतात. एकच स्पीकर बसत असेल तर सीरिजमध्ये ५-६ ओहम १० वॅटचा रेझिस्टर टाकता येतो. आवाज कमी होतो, पण रेडिओ सुरक्षित राहतो. तरीही मूळ ओहमचा स्पीकर शोधणं किंवा जुन्याचा कोन बदलून घेणं केव्हाही चांगलं. त्या रेडिओचा आवाज त्या कागदी कोनासाठीच घडवलेला असतो, आणि फरक कानाला कळतो.

जास्त ओहमचा स्पीकर लावला तर आवाज घटतो, बाकी फारसं काही होत नाही. अगदी उघडं टोक मात्र घातक. व्हॉल्व्हच्या रेडिओत लोड नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळून आतलं इन्सुलेशन फुटतं. ट्रान्झिस्टरच्या रेडिओत हाच उसळलेला दाब ट्रान्झिस्टर मारतो. म्हणून स्पीकरच्या जोडणीत लूज कॉन्टॅक्ट चालत नाही. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर तर नाहीच.

जुना स्पीकर तपासायला मल्टिमीटर पुरतो. मोजलेला आकडा छापील ओहमपेक्षा थोडा कमी येतो: १० ओहमचा साधारण ८ ते ८.५, ८ ओहमचा ६ ते ७, ४ ओहमचा ३.२ ते ३.६. मीटरने काहीच दाखवलं नाही तर व्हॉइस कॉइल तुटलीय, किंवा कोनावरून येणारी लवचीक वेणीदार वायर टोकाशी तुटलीय. वेणी तुटली असेल तर सोल्डर करून जोडता येते. नंतर दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सगळीकडून सारखा दाबा आणि सोडा. खरवडल्यासारखा आवाज आला तर कॉइल चुंबकाला घासते आहे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टोकांना लावला की कोन पुढे सरकतो किंवा मागे जातो. ज्या जोडणीत पुढे येतो त्या वेळी सेलच्या पॉझिटिव्हकडे असलेल्या टोकावर खूण करा. दोन स्पीकर लावायचे असतील तर ही खूण लागते. एक पुढे आणि एक मागे हलत असेल तर खर्ज गायब होतो.

१९३०-४० च्या दशकांतल्या काही रेडिओंच्या स्पीकरला कायमचं चुंबक नसतं. त्यात फील्ड कॉइल असते आणि तिला बॅटरीचा वेगळा सप्लाय जातो. अशा स्पीकरला दोनऐवजी तीन-चार वायरी दिसतील. त्यातल्या दोन सप्लायच्या असतात. त्या स्पीकरच्या आउटपुटला जोडू नका.

रेडिओपासून स्पीकरपर्यंत नेहमी दोन वेगळ्या वायरी न्या. काही जुन्या गाड्यांत एकच वायर मागच्या स्पीकरला जाते आणि परतीचा मार्ग बॉडीतून असतो. पण ज्या रेडिओत स्पीकरचं कोणतंच टोक अर्थ नसतं, तिथे एक टोक बॉडीला लागलं की आउटपुट संपला. दोन वायरी असल्या की हा प्रश्नच उरत नाही. मागे दुसरा स्पीकर हवा असेल तर कारखान्याच्या सोयीप्रमाणे फेडरमधूनच (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटून देणारा नॉब) जोडा. १० ओहमचे दोन समांतर जोडले की ५ ओहम होतात आणि परत तोच धोका.

गाडीतलं वायरिंग

काम सुरू करताना बॅटरीचं अर्थचं टोक आधी काढा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत ते पॉझिटिव्ह टोक असतं. अर्थचं टोक सुटलं की पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

रेडिओची फीड इग्निशन स्विचच्या ॲक्सेसरी टोकावरून घ्या. इग्निशन कॉइलच्या वायरीतून कधीच घेऊ नका. इग्निशनची खरखर सरळ रेडिओत शिरते आणि इंजिन बंद असताना रेडिओ ऐकायला गेलात तर डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट आणि कॉइल तापतात. फीडवर फ्यूज सप्लायच्या टोकाजवळ लावा, रेडिओच्या टोकाजवळ नाही, कारण मधली वायर कुठे घासली तर तिलाही संरक्षण हवं. फ्यूज रेडिओच्या पट्टीवर लिहिला असेल तो. नसेल तर मोजलेल्या करंटच्या दीड ते दोन पट: ट्रान्झिस्टरला २ ते ३ अँपिअर, १२ व्होल्टच्या व्हॉल्व्हला ५ ते ७.५, ६ व्होल्टच्या व्हॉल्व्हला १० ते १५.

वायरीची जाडी ६ व्होल्टच्या गाडीत फार महत्त्वाची. १ चौ. मि.मी. तांब्याच्या वायरीत मीटरला ०.०१७५ ओहम धरा. अशी २ मीटर वायर ७ अँपिअरवर पाव व्होल्ट खाते. ६ व्होल्टमधून पाव व्होल्ट गेला की आवाज बसतो आणि व्हायब्रेटर धडपडत सुरू होतो. २.५ चौ. मि.मी.ची वायर घेतली तर तोटा ०.१ व्होल्टच्या आसपास येतो. १२ व्होल्टच्या ट्रान्झिस्टर रेडिओला १ चौ. मि.मी. पुष्कळ झाली.

रेडिओच्या मूळ फीड वायरीवर छोटी चोक कॉइल किंवा डब्याला चिकटलेली चपटी कपॅसिटरची पट्टी असते. ती जुनी दिसते म्हणून कापू नका. इंजिनाची खरखर अडवण्यासाठीच ती तिथे आहे. मूळचा प्लगही कापू नका. त्यात बसणारे टर्मिनल आणून जोडवायर बनवा, म्हणजे गाडीची मूळ हार्नेस (वायरींचा बांधलेला गुच्छ) अखंड राहते. एकदा कापलेली हार्नेस पुन्हा मूळची होत नाही.

डायल लॅम्पची वायर बऱ्याच रेडिओंत वेगळी असते आणि ती डॅशबोर्डाच्या दिव्यांच्या डिमरला जाते. ही आणि फीड यांची अदलाबदल झाली की पार्किंग लाइट लावल्यावरच रेडिओ चालू होतो. कारण सापडेपर्यंत लोक रेडिओ उघडून बसतात. वायरींच्या रंगावर एकट्यावर विश्वास नको, मीटरने खात्री करा.

अर्थसाठी रेडिओच्या मागची आधारपट्टी मोलाची. ती हरवलेली असेल तर नवी बनवून घ्या. फक्त नॉबच्या नटांवर लटकलेला जड रेडिओ खड्ड्यांत हलतो, डॅशबोर्डाचा पत्रा वाकवतो, आणि रंगावर टेकल्यामुळे अर्थही नीट मिळत नाही. पट्टीच्या दोन्ही टोकांशी रंग पॉलिश पेपरने घासून स्टार वॉशर घाला. शेवटी रेडिओ चालू ठेवून त्याचा डबा आणि बॅटरीचं अर्थचं टोक यांमधलं व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ अजून कच्चा आहे.

वायरी वायपरचे दांडे, स्टीअरिंग कॉलम आणि हीटरच्या केबल यांच्यापासून लांब न्या, आणि पत्र्याच्या भोकातून जाताना रबर ग्रोमेट घाला.

एरियल

मीडियम वेव्हच्या रेडिओसाठी एरियलची वायर म्हणजे ट्यूनिंग सर्किटचाच भाग. तिची कपॅसिटी मुद्दाम कमी ठेवलेली असते. तिच्या जागी टीव्हीची किंवा वायरलेसची साधी कोॲक्स लावली की स्टेशनं मंद होतात. मूळ वायर तोडूही नका, वाढवूही नका.

वायर रेडिओपासून काढून तीन मोजमापं घ्या. दांडी ते प्लगची मधली पिन: १ ओहमपेक्षा कमी. मधली पिन ते बॉडी: मीटरने काहीच दाखवू नये. प्लगची बाहेरची कडी ते बॉडी: पुन्हा १ ओहमच्या आत. दुसऱ्यात थोडं जरी वहन दिसलं तरी एरियलच्या तळाशी पाणी किंवा गंज आहे. तिसऱ्यात अडलं तर तळाचा गंज साफ करा, निम्मी खरखर तिथेच जाते.

सगळं बसल्यावर ट्रिमर लावा. तो एरियलच्या खोबणीजवळ किंवा ट्यूनिंगच्या नॉबमागे एक छोटा स्क्रू असतो. दांडी पूर्ण बाहेर काढा, १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादं क्षीण स्टेशन पकडा आणि स्क्रू हळूहळू फिरवत आवाज सर्वांत मोठा होईल तिथे सोडा. एरियल किंवा तिची वायर बदलली की हे पुन्हा करावं लागतं. बटणांवर स्टेशनं बसवायचं काम त्यानंतर: हाताने स्टेशन लावा, बटण बाहेर ओढा, पूर्ण आत दाबा.

इंजिन चालू केल्यावरची खरखर

आधी एरियलचा प्लग काढून पाहा. आवाज थांबला तर तो एरियलमधून येतोय, नाही थांबला तर फीडमधून. मग गाडी उभी असतानाच इंजिनाचा वेग वाढवून किल्ली ॲक्सेसरीवर आणा. टिकटिक त्याच क्षणी थांबली तर दोष इग्निशनचा. शिट्टीसारखा आवाज इंजिनाबरोबर हळूहळू उतरत गेला तर डायनॅमो किंवा ऑल्टरनेटरचा.

इग्निशनसाठी सप्रेशनच्या, म्हणजे कार्बन गाभ्याच्या प्लग वायरी वापरा, किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या मधल्या वायरीत १० किलोओहमचा सप्रेसर घाला. कॉइलच्या ज्या टोकाला इग्निशन स्विचची वायर येते, तिथून बॉडीला ०.५ ते १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटरच) लावा. डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूच्या टोकाला लावलात तर ठिणगी बिघडते आणि इंजिन मिसफायर करतं. डायनॅमोवर ०.५ मायक्रोफॅरड जाड वायरीच्या, म्हणजे आर्मेचरच्या टोकाला लावा. फील्डच्या टोकाला लावला की रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. हीच चूक सगळ्यात जास्त होते. कंडेन्सरचा डबा उघड्या धातूवर घट्ट बसला नाही तर तो असून नसल्यासारखा.

बॉनेट आणि इंजिन दोन्ही बॉडीला वेणीच्या पट्टीने जोडलेले हवेत. फायबरग्लास बॉडीच्या गाड्यांत पत्रा आडवा येत नाही, म्हणून कॉर्व्हेटमध्ये रेडिओसाठी इग्निशनवर धातूची झाकणं दिलेली असतात. दुरुस्तीत काढलेली ती झाकणं परत बसवली नसतील तर बाकी कशानेही खरखर जात नाही. खरखर फक्त गाडी चालताना येत असेल आणि उभ्या गाडीत इंजिन फिरवूनही येत नसेल, तर पुढच्या चाकांच्या हबच्या टोपीतली स्टॅटिकची छोटी स्प्रिंग जागेवर आहे का ते पाहा. हे सगळं करूनही घरघर राहिली तर नव्याने बसवलेले एलईडी दिवे आणि मोबाइलचा चार्जर एकेक करून काढून ऐका. मीडियम वेव्हला त्यांचा त्रास डायनॅमोपेक्षा जास्त होतो.